कोरडे हातमोजे

मोंगुई, रविवार,
१८ ऑगस्ट १९९१

प्रिय एल्सिराताई,

तुझं पत्र गुरुवारच्या बसने आलं. बोगोतात तुम्ही सगळी खुशाल आहात हे वाचून आईने दोनदा क्रूसाची खूण केली. इथे बटाटा काढून झाला. लाल गाय व्याली. आईचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे.

पहाटे सायकलने घाट ओलांडून शाळेत शिकवायला जातेस, तर वाढदिवसाला कसले कपडे घेऊ, असं तू विचारलंस. अंगाशी सुती काही नको. चढावर घाम येतो आणि उतारावर तोच बर्फासारखा पाठीला चिकटतो. आत पातळ लोकर हवी, वर वारा अडवणारं, गळ्याशी बंद होणारं जाकीट. खांद्यावरची लोकरीची रुआना कितीही उबदार असली तरी तिचं टोक चाकात जातं. उतार लागायच्या आधी मी छातीशी वर्तमानपत्र खुपसते, त्याची सर कशालाच नाही. टोपी कान झाकणारी. आणि हातमोजे.

हातमोजे माझ्याकडे होते, ताई. जूनपासून माझे कपडे जागेवर सापडेनासे झाले. लोकरीचा बनियन नेमका निघायच्या वेळी बादलीत भिजलेला. एक हातमोजा चुलीमागे, दुसरा नाहीच. आई म्हणायची, मळले होते म्हणून काढले. दोनदा शाळेला खाडा झाला. तिसऱ्यांदा हातांना फडकी गुंडाळून तशीच गेले. उतारावर बोटं वळेनात, ब्रेक दाबला गेला नाही, खालच्या वळणावर बांधाला आपटले. आईला सांगितलं, शाळेच्या पायरीवरून घसरले. तिने मनगट शेकलं आणि खरं मानल्यासारखं केलं.

आपला भाऊ येसिद सायकलवरून पडून त्याच वळणावर गेला. तेव्हा तू विचारलं होतंस, एवढ्या थंडीत पोरगा हातमोज्यांशिवाय निघालाच कसा. चार वर्षं झाली, मी उत्तर दिलं नाही. त्याचे कोरडे हातमोजे त्या दिवशी मी बाजाराला घालून गेले होते. माझे ओले होते. त्याला विचारलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी आईला हे सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "ठाऊक आहे मला. तू घरी आलीस तेव्हा तुझे हात गरम होते."

मग उठली, पेटी उघडली आणि माझं सगळं बाहेर काढलं. बनियन, जाकीट, हरवलेला हातमोजा. घड्या घालून टेबलावर ठेवलं.

"जा तू. पोरं वाट बघत असतील. मी नाही अडवणार आता."

आठ दिवस झाले. कपडे तसेच पडून आहेत, आम्ही टेबलाच्या कडेला बसून जेवतो. रोज पहाटे मी बनियन हातात घेते आणि आतल्या खोलीत आईचा श्वास थांबतो. जागी असते. मी बनियन पुन्हा घडी घालून ठेवते. ती कपडे भिजवत होती तोवर मला रागाने तरी निघता येत होतं.

मोठ्या बाईंचा निरोप आलाय. महिनाअखेरपर्यंत गेले नाही तर माझ्या जागी दुसरी शिक्षिका येईल. आईला अजून सांगितलं नाही.

तू काही पाठवू नकोस. तूच ये. दोन-चार पहाटा तिच्याजवळ बस, मी ते वळण उतरेपर्यंत. तेवढं झालं तर मी जाईन. नाहीतर नाही.

तुझी, अजून घरातच असलेली,
नोएमी