मुक्या अक्षराची चौकशी

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्याचा सप्तांग नमस्कार. आठवं अंग जरा रुसलं आहे, ते मनावर घेऊ नकोस.

काल सकाळी देवाचं नाव घेऊन मी कामाच्या खोलीत फरशीवर बसलो, फळीचा तुकडा पायांच्या दोन्ही तळव्यांत धरला आणि बारीक करवतीने इंग्रजीतला के कापला. मग आणखी एक के. मग आणखी. कोपऱ्यावरच्या बालशाळेच्या बाईंनी लाकडी शब्द करायला दिले आहेत. पोरांनी ते बोटांनी चाचपून वाचायचे. सगळे चिमुकले शब्द, आणि सगळ्यांच्या तोंडाशी के आणि त्याला चिकटून एन. नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणं. शिवाय नॉब, नॉक आणि जाणणं या अर्थाचा नो. बाई म्हणाल्या, यातला के लिहायचा, बोलायचा नाही. गावच्या शाळेत मास्तरांनीही हेच सांगितलं होतं, आणि का म्हणून विचारणाऱ्याला बाकावर उभं केलं होतं. तो मीच.

काम आटोपलं तरी मी बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत तिथेच बसून राहिलो. बोलत नाही, कामाला हात लावत नाही, तरी प्रत्येक शब्दात पहिल्या पाटावर हाच. हा काय घरजावई आहे? तू दिवसभर ग्रंथालयात जाडजूड कोशांमध्ये वावरतेस. हा कुठला, आणि याला आजवर कोणी हाकललं कसं नाही, तेवढं बघून कळव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे, व्याज नको.

तुझा,
धाकटा


दि. ७ जानेवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

ह्यांचं पत्र तुम्हाला मिळेलच. पाकिटात घालायच्या आधी त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणून हे लिहिते. अक्षरांकडे बघत बसलो होतो हे खरं नाही. त्यांना उठता येत नव्हतं.

मी चहाला दोनदा हाक मारली. आतून आवाज आला, विचार करतोय. विचार करताना माणूस खिडकीची कड धरून घामाघूम होत नाही. मी खांदा दिला तेव्हा कुठे उभे राहिले. उजवा गुडघा टम्म सुजलाय. विचारलं तर म्हणतात, लाकडालाही गाठी असतात, म्हणून कोणी झाड दवाखान्यात नेतं का. डॉक्टरचं नाव काढलं की हे देवाचं नाव घेतात.

माझं बोलणं म्हणजे घरचा पंखा, फिरतो पण लक्षात कोण घेतं? तुम्हाला मात्र ते टरकून असतात. काहीतरी करा. मी लिहिलं हे कळू देऊ नका. मायेत मला धरून असा.

आपली,
धाकटी


दि. १५ जानेवारी

चि. ठोक्यास,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. सप्तांग नमस्कार वाचूनच मी काय ते ओळखलं. कोणी चुगली केली असं समजू नकोस. चुगली करणाऱ्या बायका माझ्या ओळखीत नाहीत.

आता तुझा के. तो घरजावई नाही रे, तो घरातला म्हातारा आहे. शेकडो वर्षं त्याने इमानाने काम केलं. लोक खरोखरच क्नी म्हणत, क्नॉट म्हणत. पुढे बोलणाऱ्यांच्या जिभेला क आणि न ही जोडी जड झाली आणि तीनचारशे वर्षांपूर्वी त्यांनी क गिळायला सुरुवात केली. पण लिहिण्यात त्याची खुर्ची तशीच राहिली. जर्मन माणूस आजही गुडघ्याला क्नी म्हणतो, क चांगला ऐकू येतो.

खरी गंमत पुढेच आहे. नमस्काराच्या श्लोकात तू जानुभ्याम् म्हणतोस ना? तो आपला जानु आणि त्यांचा नी हे मावसभाऊ. फार पूर्वीची एकच आजी. तिच्या अंगणातून एक लेक तिकडे गेली, एक इकडे आली. तिकडे क झाला, इकडे ज. कोशात हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले आणि वाचनकक्षातल्या चार डोक्यांनी वर बघितलं.

बाकीचे शब्दही काढून ठेवले आहेत. पण फुकट मिळणार नाहीत. आधी गुडघा डॉक्टरला दाखव, काय म्हणाले ते लिही, मग पुढचं. तोवर माझी माया चालू, माहिती बंद.

तुझी,
ताई


दि. २४ जानेवारी

ती. ताईस सा. न.

तू लहानपणी भोवऱ्याची दोरी लपवून माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचीस. अजून सुधारली नाहीस.

गेलो होतो. डॉक्टरबाई तुझ्या लेकीच्या वयाच्या, पण बोलणं थेट तुझं. गुडघा दाबला, वाकवला, आणि म्हणाल्या की काका, फरशीवर बसणं आजपासून बंद. उंच टेबल करा, उभ्याने काम करा. नाही ऐकलंत तर एक दिवस बसाल ते बसालच. मी म्हणालो, विचार करतो. त्यावर तुझी भावजय अशी काही हसली की डॉक्टरबाईंनी मलाच विचारलं, काय झालं म्हणून.

ताई, तुला तरी कळेल. माझे पाय हाच माझा लाकूड आवळून धरायचा शिकंजा. अंगठ्याने फळी दाबली की तिचा पीळ कळतो, तळव्याला रेषांची दिशा लागते. बाबांनी मला असंच शिकवलं, तेही असेच बसत. टेबलाशी उभा राहिलो की हात तेवढे कामावर आणि पाय दारवानासारखे ताटकळलेले. अर्धा सुतारच राहील मग. पन्नाशीला आल्यावर हे नव्याने शिकायचं? देवापुढे बसतो तेव्हाही आताशा हाच विचार येतो, आणि तो काही बोलत नाही.

असो. मी शब्द पाळला, आता तू शब्द दे. नॉट आणि नॉब आमच्या धंद्यातले, ते आधी. आणि तो नो. लोभाची थकबाकी ठेवू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अ. उ. आ.

घे तुझे शब्द. नॉट आणि निट एकाच घरचे. निट म्हणजे आधी नुसतं गाठ मारणं, विणणं नंतरचं. नॉब म्हणजे दाराची मूठ, पण मुळात झाडाच्या अंगावरचं टेंगूळ. नॉक बहुधा नुसत्या आवाजावरून आला, दारावर ठोकल्याचा. तुझं नावही घरात असंच पडलं. तू मागितले नव्हतेस असे दोन वरकड देते: नाइट म्हणजे घोडेस्वार वीर आणि नेव्ह म्हणजे लबाड. दोघांचाही जुना अर्थ पोरगा. एकाला घोडा मिळाला, दुसऱ्याला बदनामी.

आणि नो. तो आपल्या जाणणे आणि ज्ञान यांचा सख्खा नातेवाईक. पुन्हा तिकडे क, इकडे ज. हे मी तुला आनंदाने सांगते आहे, पण पुढचं आनंदाने नाही.

पायांनी लाकूड कळतं म्हणतोस, ते मी खोटं म्हणणार नाही. पण बाबा फरशीवर बसत एवढंच तुझ्या लक्षात राहिलं. शेवटच्या वर्षांत त्यांना खाटेवरून दारापर्यंत कोण नेत असे? तूच. त्यांना खांद्यावर घेताना ते दर वेळी तोंड भिंतीकडे वळवत. मी तेव्हा सुट्टीत येत असे, बघत असे. तुला ओझं झालं नाही, त्यांना झालं.

तुला कोण नेणार, ठोक्या? तुझ्या बायकोचा खांदा मी पाहिला आहे. माझ्याएवढाच आहे. उद्या लागला तर ती तो देईल, मग रोज देईल, तक्रार करणार नाही. पण तुला लाकूड जाणता यावं म्हणून तिने वाकायचं, हे मला पटत नाही. कोशात यावर काही सापडलं नाही. तू देवाला विचारतोस तसं तिला एकदा विचार. ती बोलते तरी.

रागावलास तर लोभ थोडा कमी कर, पण पत्र पाठव.

तुझी,
ताई


दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खिशात ठेवलं. मग विचारलं तिला. भांडी विसळत होती. म्हणाली, तुम्ही पडाल याची भीती नाही, मी घरात नसताना पडाल याची आहे. बाजारात गेले तर निम्म्या वाटेतून परत येते. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं ही पिशवी विसरते.

दुसऱ्या दिवशी जाड फळ्या निवडल्या. टेबलाची उंची घ्यायला मी ताठ उभा राहिलो आणि तिने टेप धरली. म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्ही एवढे उंच आहात हे आज कळलं, कायम वरूनच बघत आले. आम्ही दोघं इतकं हसलो की माप पुन्हा घ्यावं लागलं. उभ्याने कापलेला पहिला के वाकडा गेला. दुसराही. पुढचा बरा आला. पायांना अजून कळत नाही आपण करायचं काय. टेबलाखाली एकमेकांवर चढून बसतात. शिकतील. बालशाळेचे शब्द पोहोचते केले. बाईंना तुझ्या जानुची गोष्ट सांगितली, त्यांनी ती पोरांना सांगितली, आणि आता पोरं हट्टाने क्नी म्हणतात. बाई माझ्यावर थोड्या नाराज आहेत.

माझी बसायची जागा तुला आठवते, खिडकीखालची, फरशी झिजून गुळगुळीत झालेली. टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं असतं तर ती मोकळी राहिली असती, आणि मला माझा भरवसा नाही. म्हणून काल ती जागा स्वच्छ पुसली, हात जोडले, आणि टेबल बरोबर तिच्यावरच आणून ठेवलं. पाय फरशीत पक्के बसवले. आता तिथे बसता येणार नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ ठेव, सवडीने वाढव.

तुझा,
धाकटा