लांबी चार विती, दोन्ही बाजू

३ फेब्रुवारी
मला न विचारता सुधीरने भंगारवाल्याला शब्द दिला. जीप माझ्या नावावर, चावी माझ्या डब्यात, आणि शब्द देणारा हा, माझा लेक. चहा पिताना सांगतो, जशी रद्दी द्यायचीय.

सतराला पासिंग. गेल्या खेपेला आरटीओच्या साहेबाने मागच्या चाकावरच्या कमानीला बोट लावलं, ते आरपार गेलं. दोन्ही बाजूंना. नीट करून आणा म्हणाला. आता सुधीरचं म्हणणं, परत नापास झाली की दुसऱ्या दिवशी भंगारवाला कळव्याला आमच्या दारात. म्हटलं, आधी नापास होऊ दे.

त्याचं काय जातंय, तो बँकेत पंख्याखाली बसतो. जीप चालवते सून, वैशाली. तिची नर्सरी टिटवाळ्याच्या पुढे, शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड. टेंपोवाले येत नाहीत तिथे. जीप गेली की नर्सरी गेली. हे ती बोलत नाही. माझ्या घरात येऊन बोलायची सवय कुणाला राहिलीय.

५ फेब्रुवारी
जीप डोंबिवलीच्या गॅरेजमधून आली. चकचकीत, नवरीसारखी. सुधीर खूश. मी बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. दारावर टण. कमानीवर बद्द.

बद्द म्हणजे बद्द. मडकं घेताना असंच वाजवते मी, अजून एक तडकं मडकं घरात आलेलं नाही. उलथन्याने खरवडलं तर रंगाखाली नुसती लांबी. खिडकीच्या काचा बसवायला लावतात, त्याच जातीची. बोटभर जाड. खाली पत्राच नाही. गंजात पुरण भरून दिलंय.

सु. ने गॅरेजवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, तुमच्याच चिठ्ठीत लिहिलंय. फोटो पाठवला चिठ्ठीचा. "लांबी चार विती, दोन्ही बाजू."

कमान मी वितीने मोजलेली. पत्रा केवढा लागेल ते कळावं म्हणून लिहून दिलं. त्याने वाचलं, चार विती लांबी भरा. भरली.

वै. ने सकाळच्या घाईत चावी आणि चिठ्ठी तिथे दिलेली, म्हणून सु. तिच्यावर उखडला. धड लिहिताही येत नाही का. आईचं अक्षर ओळखायला ते त्याने कधी बघितलंय. वै. ने फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. गप्प.

मी पण गप्प. भाकऱ्या व्हायच्या होत्या.

७ फेब्रुवारी
शीळफाट्याला नेली, रशीदभाई डेंटरकडे. शेडला बोर्ड नाही, माणूस साठीचा. मी आल्या आल्या सांगितलं, लांबी नको. म्हणाला, "माई, लांबी शेवटी, नखाएवढी. पहिले पत्रा."

वै. नर्सरीला गेली, मी स्टुलावर बसले. पहिल्या गॅरेजात कुणी बसलं नाही म्हणून ही पाळी.

हा पण वाजवतो. हातोडीच्या दांड्याने टकटक करत जातो, आवाज बदलला की खडूची रेघ. मी मनात आधी सांगत होते, इथे. तो तिथेच मारायचा. एकदा वाटलं चुकला. कापल्यावर कळलं, मी चुकलेले.

आत दोन पत्र्यांच्या मधे पांढरं साचलेलं. ह्यांनी बारा वर्षं मिठागरातल्या गोणी वाहिल्या ह्याच जीपमधून. बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारट. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली, मीठ तिथेच. थुंकले. लोक खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे. इथे मीठच जीप खाऊन बसलेलं.

१० फेब्रुवारी
आज पत्रा घडवला. वाळूच्या पिशवीवर सपाट पत्रा, हातात लाकडी हातोडा. जोर नाहीच, नुसतं मनगट. ठोका, फिरव, ठोका, फिरव. भाकरी थापतात तसं. माझ्या भाकरीची कड कधीतरी फाटते, ह्याची नाही फाटली. दुपारपर्यंत सपाट पत्र्याला पोट आलं.

जीपवर धरला. बसला. परत काढला. म्हटलं, बसला की. म्हणे केसभर उचलतोय. मला कुठे केस दिसला नाही. अजून चार ठोके मारून परत धरला, तेव्हा दिसलं आधी काय नव्हतं ते.

मग वेल्डिंग. सलग ओढत नाही. एक टाका इथे, एक पार तिकडे, थांबायचं, हात लावून बघायचं, मग तिसरा. सरळ का नाही ओढत विचारलं. "पत्रा तापला की रुसतो, माई. वाकडा होतो." गोधडीला मी आधी कच्चे टाके घालते ते ह्याचसाठी, नाहीतर कापड सरकतं. सांगितलं त्याला. म्हणाला, "मग तुम्हाला कळलं." आमच्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही.

सु. चे दोन फोन. किती राहिलं, किती राहिलं. म्हटलं, तुझ्या बँकेत तरी रांग मोडतात का रे.

१३ फेब्रुवारी
डावी बाजू झाली. सु. बघायला आला, वै. पण होती. कमानीच्या तळाला बारीक भोक. हे राहिलं, म्हणाला. र.भाई म्हणाला राहिलं नाही, ठेवलंय. पाणी आत जाणारच, त्याला बाहेर यायला वाट पाहिजे. जुनी वाट मातीने बुजली म्हणून तर गंज.

सु. ला काढायला दुसरी खोड सापडेना. मग वळला वै. कडे. ह्यांना तरी नीट सांगितलंस ना, का परत चिठ्ठी?

तेव्हा बोलले. "चिठ्ठी माझी. अक्षर माझं. तिला विचारू नको."

सु. जमिनीवरच्या पान्याकडे बघत राहिला. र.भाई वाकून ठोकायला लागला, तिथे ठोकायला काही नव्हतं.

घरी येताना रिक्षात वै. ला विचारलं, तुला माहीत होतं?

"हो आई. तुमच्या 'ल'ला शेपूट असते."

"मग आठ दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते."

आणि बाहेर बघायला लागली. कळवा येईपर्यंत मी पण बाहेरच बघितलं. इतकी वर्षं घरात आहे, हिला वाजवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. टण आहे पोरगी.

१६ फेब्रुवारी
दोन्ही बाजू झाल्या. लांबी नखाएवढी, बोलला तेवढीच. रंग जुन्याला जुळला नाही, कमानी जरा जास्तच हिरव्या. र.भाईच्या मनाला लागलं ते. म्हटलं राहू दे, काम कुठे केलंय ते दिसलं पाहिजे. आतून काळं तेल मारलंय, परत मीठ धरू नये म्हणून.

निघताना म्हणाला, "माई, आता तुम्ही वाजवा. पहिले तुमचं पासिंग." शेजारच्या शेडमधले पण बघायला आले. डावी टण. उजवी टण.

तोंडावर कौतुक मी कुणाचं करत नाही. बरं झालंय म्हटलं. त्याने हातोडी पुसून ठेवली आणि हसला. पोचलं असावं.

१७ फेब्रुवारी
वै. सकाळीच जीप घेऊन पासिंगला गेली, कल्याणला. र.भाई पण गेला, शेड बंद ठेवून, साहेबाने काही विचारलं तर असावं म्हणून. कुणी बोलावलं नव्हतं त्याला.

११ वा. वै. चा फोन. पुढे तीन गाड्या.

११.४० साहेब वाकून बघतोय. बोट घातलं का विचारलं. म्हणाली अजून नाही, टॉर्च मागितलीय. फोन ठेवला.

१२.१५ काही नाही.

सु. रजा टाकून घरी. पेपरचं एकच पान कधीपासून वाचतोय. आत्ता त्याचा मोबाइल वाजतोय, टेबलावर, माझ्या वहीशेजारी. भंगारवाला. हा माझ्याकडे बघतोय, आई तू बोल म्हणून.

चिठ्ठी माझी होती, तिचं उत्तर मी दिलं. शब्द मी दिलेला नाही. मी लिहितेय, म्हटलं. ज्याने दिला त्याने उचलायचा.