माणशी चाळीस फूट

३ जानेवारी १९९४
बदनापूरला रुजू झाले. स्टेशनामागच्या जुन्या गोदामात बेघर बायकांचा तात्पुरता निवारा, मी अधीक्षिका. मुक्कामही इथेच. लांबी सोळा फूट, रुंदी दहा. नियम माणशी चाळीस चौरस फुटांचा. तीन बायका आणि मी, बरोबर भरतं. आल्या आल्या फरशी फिनेलने धुऊन घेतली. वडील गेल्यापासून नऊ वर्षं एकटीपुरता चहा करत होते; आज चार कप मांडले. बरं वाटलं.

५ जानेवारी
खाटा करून घ्यायच्या म्हणून तिघींना आडवं करून टेपने मापलं. सोनूबाई सत्तरीची, लहान मुलीसारखी हसत होती. नंदाबाई कुरकुरली, निजल्या माणसाला मापू न्हाई बाई, तिरडीसाठी मढ्याला मापतेत. मी सुनावलं, सुताराला अंदाज चालत नाही. त्यावर चतुराबाईचा टोमणा, कालिजात हेच शिकिवलं व्हय!

८ जानेवारी
सोनूबाई नाही. दाराला आतून कडी. तिचं अंथरूण नाही, अंथरुणाची जागाही नाही. मागची भिंत पुढे आली आहे. टेप लावली: बारा फूट.

१० जानेवारी
तपासनीस सर्जेराव आले. त्यांना भिंत दाखवली. त्यांनी मापलं. बारा गुणिले दहा, माणसं तीन, माणशी चाळीस, बिलकुल नियमात. बोभाटा केलात तर निवारा बंद होईल आणि या दोघी रस्त्यावर येतील, असं बजावून सही करून गेले.

११ जानेवारी
चतुराबाई गेली. आठ फूट. मापांचा कागद जाळला. नंदाबाईला म्हटलं, जल्दी नीघ, राजूरला देवळापाशी राहा. ती म्हणाली, मंग तुमी एकट्याच की. खरं लिहायचं तर — मी पुन्हा आग्रह केला नाही.

१३ जानेवारी
नंदाबाई — भर दुपारी. चहा गाळून वळले तेवढ्यात. मीच तिला थांबू दिलं —

१४ जानेवारी
चार फूट. माझी वळकटी, मी. नियमात.
भिंतीपलीकडे तिघी बोलतात. हसतात. नंदाबाई हाक मारते, बाई, इकडं लई जागा हाय, या की.
दार उघडंच आहे. बाहेर ओळखीचं कोण —

दुपारी
आडवी झाले. टेपचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलंय. एकटीला जमत नाही. डोक्याकडचं टोक कुणीतरी हळूच —