उतारावरची हाक

मनाली, २८ मे

प्रिय आईस, तुझ्या समरजीतचा वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. निधी आणि चिऊ, दोघी मायलेकी, दिवसभर नदीकाठी रमतात. तिकडे लूचे गरम वारे सुरू झाले ना? दुपारची बाड्यावरच्या बाजारात जाऊ नकोस.

सकाळचे दोन तास मात्र माझे, सायकलीचे. रागावू नकोस, काल मी त्याच उतारावर गेलो, जिथे तीन वर्षांपूर्वी संग्रामदादा गेला. वळणावर मागून त्याचाच आवाज आला, "समर, बाजूला हो!" मी लगेच थांबलो. मागे कुणीच नव्हतं.

पायीच परतलो. "पापा, आज इतनी जल्दी?" चिऊने विचारलं.

आई, त्या दिवशीही दादाने अशीच हाक मारली होती. पुढे राहायच्या हट्टापायी मी वाट दिली नाही, म्हणून तो दरीत पडला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी घरी येऊ ना?

तुझा,
समर