दुसऱ्या घटाचं पाणी

जिंतूर,
दिवाळीच्या आधीचा सोमवार, १९७४

श्री. किशनराव यांना रंगनाथचा नमस्कार. तीर्थरूप सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवतो (त्यांचा गुडघा अजून दुखत असेल तर जरा अलीकडेच ठेवतो). कापूस घरात आला का? म्हैस व्याली का? आपल्या भगिनी, म्हणजे आमच्या सौ. कस्तुरा, बऱ्या आहेत का, हे आपलं सहज विचारतो. आमचं इथे उत्तम चाललं आहे.

दसऱ्याला आपण हिला न्यायला आलात तेव्हा माझ्याशी धड बोलला नाहीत, म्हणून झाला प्रकार विज्ञानाचा शिक्षक या नात्याने कळवतो. नवरात्रात हिने देवघरात घट बसवला. पत्रावळीत काळी माती, तीत गहू, मधे पाण्याचं मडकं, वर रोज एक माळ. दरवर्षी कोंब उंच आले की शेजारच्या धुरपताबाई म्हणतात, देवी पावली. यंदा मी वर्गात मुलांना म्हणालो, देवी पावते की पाणी, ते एकदा बघूच. आणि खिडकीत माझा दुसरा घट बसवला. तीच माती, तोच गहू, फक्त माळ नाही, दिवा नाही, आरती नाही. (देवाशी माझं वाकडं नाही. खंडोबाला नारळ मीही फोडतो. पण पुरावा नको का?)

माझा घट देवीच्या घटाइतकाच जोमाने आला. दसऱ्याच्या सकाळी दर्शनाला आलेल्या बायांसमोर मी त्यावर छोटंसं भाषण केलं. ते रंगात आलं असताना धुरपताबाईंनी विचारलं, "ते समदं खरं हाय सर, पण ह्याला पाणी कोण घालायलंय?" पहिल्या दिवसानंतर पाणी घालायचं माझ्या डोक्यातूनच गेलं होतं (सहामाहीचे पेपर होते). ही खाली मान घालून म्हणाली, "मीच घालीत होते. घरात पेरलंय, त्याला तान्हेलं कसं ठिवावं?" नीट पाहिलं तर माझ्या घटाच्या मडक्याला हळदीकुंकवाचं बोटही लागलेलं! किशनराव, आता तुम्हीच सांगा, अशाने निष्कर्ष काय काढायचा? मी सगळ्यांदेखत ओरडलो, की तू माझा प्रयोग बाटवलास. हा शब्द शास्त्रीय नाही, हे बाया फिदीफिदी हसल्यावर कळलं. ही मात्र हसली नाही. दुपारी तुम्ही आलात आणि ती पिशवी घेऊन तुमच्याबरोबर निघाली.

तेव्हापासून घरात शांतता आहे, वाचन भरपूर होतं. भाकरी मी स्वतः थापतो, ती फारशी गोल नसते, पण पोटात गेल्यावर कोण बघतो? चहा सवयीने दोघांचा टाकला जातो आणि दोन्ही कप मलाच प्यावे लागतात, त्यामुळे पित्त वाढलं आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला स्टँडवर जातो. परभणीची गाडी येते, माणसं उतरतात. कंट्रोलर भुजंगराव विचारतात, "कोन यायलंय सर?" मी म्हणतो, कोणी नाही, टायर बघायलो. गाडी रिकामी झाली तरी मी खिडक्यांतून आत बघत राहतो. खरं सांगायचं तर मुळीच करमत नाही.

आपला,
रंगनाथ

ता. क. भाऊबीज तोंडावर आली, म्हणून हिला तिथेच ठेवून घ्यायचा आपला विचार असेल. तो रास्तच आहे. पण आधी इकडे पाठवलीत तर भाऊबीजेला मी स्वतः तिला तुमच्याकडे पालमला घेऊन येईन, आणि वाटेत देवीबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

आणखी एक ता. क. (हे तिला वाचून दाखवू नका. किंवा दाखवा.) दिवेलागणीला देवघरात दिवा मीच लावतो. अंधार पडतो म्हणून. काल तिथे हात जोडून, हिला धाडून दे, असं म्हणालो. कोणाला म्हणालो, ते विचारू नका. आता पेच असा, की साकडंही घातलंय आणि हे पत्रही टाकतोय, तेव्हा ती आलीच तर कशामुळे आली, हे कुठल्याच शास्त्राला सांगता येणार नाही. नाही सांगता आलं तर नको. तिला येऊ द्या.