वाऱ्याची बाजू

मंगळवार, १४ तारीख, सकाळ

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळे बरे. तुझ्या भावजयीचे गुडघे आणि तक्रारी, दोन्ही जोरात. लेकाने नवा चष्मा दुसऱ्याच दिवशी तोडला. आत्यावर गेलाय, असं ती म्हणते.

दोन गल्ल्या सोडून राहणारा भाऊ पत्र का लिहितो, याचं तुला नवल वाटेल. समोर बसलो की मी पुन्हा "काही नाही गं, हवा चांगली आहे" म्हणून मोकळा होईन.

तुझ्या छकुलीचा दमा हटेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आमच्या कारखान्याच्या हवेत काय असतं? तू मला विचारलंस आणि मी तपासणीचे कागद दिले. सगळे आकडे मर्यादेत. "माझा भाऊच हवा तपासतो," असं तू त्यांना कौतुकाने सांगितलंस. भावोजींनी घर बदलायचं काढलं होतं, तेही तू हाणून पाडलंस. माझ्या शब्दावर.

आता ऐक. आमच्या आवारात वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आहे. नमुना घ्यायच्या दिवशी मी आधी तिच्याकडे बघतो. ती तुझ्या गल्लीकडे फुगलेली असली, की हवा ओढायचं यंत्र बरोबर उलट्या भिंतीशी ठेवतो. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "चांगली हवा शोधता आली पाहिजे," म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. बारा वर्षं तेच करतोय. आकडे खरे असतात गं, जागा खोटी असते.

आणखी एक, जे सांगायचं टाळत होतो. टाकीतला वायू सोडायचा असला की मी घरी फोन करतो, "खिडक्या लावून घे." तुला कधीच केला नाही. तू "का रे?" विचारलं असतंस. त्या एवढ्याशा प्रश्नाला घाबरून मी छकुलीला गल्लीत खेळू दिलं. आरशात बघायची लाज वाटते, ताई.

काल यंत्र तुझ्या बाजूच्या भिंतीशी ठेवलं. सोबतच्या कागदावर वायूचं नाव आहे आणि आकडा, मर्यादेच्या साडेचार पट. खाली माझी सही आहे, हुद्द्यासकट. डॉक्टरांना आजच दाखव. भावोजींना म्हणावं, घर बघा. माझी नोकरी जाईल, त्याची काळजी तू करू नकोस.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही.

हे पत्र दाराखालून सरकवून कामावर जातोय. आज दुपारी दोन वाजता वायू सोडणार आहेत. ताई, खिडक्या लावून घे.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
भाऊ