अकरा जणांचं रक्त

पुणे, २ मे २०२५

प्रिय मार्थामावशी,
सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुझी कानाची मशीन निम्मं खाते, म्हणून बातमी पत्राने.

तू विचारलं होतंस, मी नेमकं करते काय. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनांचे इवले तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. पेशी ते स्वतः घडवते. कशासाठी, हे पुरतं कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या चर्चमधल्या ऐंशीपुढच्या अकरा जणांच्या रक्तात मला असे कितीतरी तुकडे सापडले, जे इथल्या तरुणांच्या रक्तात नाहीतच! रक्त बर्फात राहिलं तरच हे खरं मानतात. ऊब लागली, की मरत्या पेशी प्रथिनं कुरतडतात आणि भलतेच तुकडे दिसतात.

तेवीस तारखेला हैदराबादला हे मांडायचं आहे. माझी नेमणूक जूनमध्ये संपते. हे मान्य झालं तर पुढची तीन वर्षं पक्की. यशयाबाबांना सांग, शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी मला नोकरी मिळवून दिली.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहे तशीच असू दे.

तुझी,
एंजेला


पुणतांबा, ७ मे

चि. एंजेला हिस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने, मग त्या बर्फाच्या ओळीशी अडून.

त्या दिवशी रक्त काढून झाल्यावर, ते न्यायला आलेल्या तुमच्या प्रयोगशाळेतल्या सत्यशीलाबाईंना मीच जेवायला बसवलं. सकाळपासून उपाशी होत्या बिचाऱ्या. रक्ताच्या नळ्यांची बर्फाची पेटी चर्चच्या ओट्यावर होती. यशयाबाबा म्हणाले, पोरीच्या कामासाठी प्रार्थना करू, पण बंद पेटीला आशीर्वाद लागत न्हाई, झाकण काढा. मी काढलं. त्यांची प्रार्थना तुला माहीत आहे, आदामापासून सुरू होते. मग आपण मागे कसं राहायचं म्हणून जोएलकाकांनीही केली. एप्रिलचं ऊन आणि पाऊण तास. झाकण लावून टाकलं आणि सत्यशीलाबाईंना काही बोलले नाही. वाटलं, एवढ्याने काय होतंय.

चूक कबूल करायची तर पेन्सिलीने नाही, शाईने, असं शाळेत सिस्टर सांगायच्या. म्हणून शाईने लिहिते. तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवलं, आणि आता तुझ्या नोकरीवर मीच पाणी फिरवते आहे. पण तू हैदराबादला उभी राहून खोटं बोलावंस, तेही नकळत, हे मला सोसणार नाही.

रागाव, पण मनातून काढू नकोस.

तुझी,
मार्थामावशी


पुणे, १४ मे

प्रिय मावशी,
सप्रेम सलाम, वि. वि.

काल सरांना तुझं पत्र दाखवलं. हैदराबादचं भाषण मागे घेतलं. जूनपुढचं अजून अधांतरीच आहे.

आता माझं ऐक. त्या संध्याकाळी पेटी मी उघडली, तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं. नळ्या हाताला कोमट लागल्या. सत्यशीलाताईंना विचारावं असं मनात आलं, विचारलं नाही. मग आकडे इतके सुंदर आले की मी स्वतःची समजूत घातली, शेवटच्या दहा मिनिटांत वितळलं असेल. तू नकळत म्हणालीस. नकळत नव्हतं, मावशी. तुझं पत्र आलं नसतं तर मी तिथे उभी राहून बोलले असते.

सरांना हेही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, नमुने पुन्हा घ्या, या वेळी स्वतः जा. पण त्या अकरा जणांपुढे मी कोणत्या तोंडाने येऊ?

तुला माझी लाज वाटली नाही, तर लिही.

एंजेला


पुणतांबा, १९ मे

चि. एंजेला हिस,
अ. उ. आ.

आहे त्याच तोंडाने ये. मी ते लहानपणी पुष्कळ धुतलं आहे.

काल उपासनेनंतर मी सगळ्यांना माझी चूक सांगितली. तुझी तू सांग. यशयाबाबा म्हणाले, पोरीला म्हणावं लौकर ये, आमी काय लई दिस थांबायचे न्हाई. जोएलकाकांनी तर तिथेच बाही वर केली.

तारीख कळव. आणि जूनमध्ये नोकरी राहिली नाही, तर तारीखही कळवू नकोस. नुसती ये.

तुझीच,
मार्थामावशी